भागीआतेचं गाऱ्हाणं

"हिरू, पाणी भरूक लागला गे! आटप!"

भागीआते ओरडली तेव्हा मी गुडघाभर पाण्यात बसून, खडकाच्या कपारीत खांद्यापर्यंत हात घालून चाचपडत होते. आत गोबरा मासा होता. ओहोटीबरोबर परत जायचं विसरलेला, चांगला हातभर लांब, अंगावर ठिपके. ज्यांनी गोबऱ्याचं कालवण खाल्लं नाही त्यांना मी काय सांगणार? आमच्या घरात तो वर्षातून दोनदा शिजायचा, आणि दोन्ही वेळा त्याचं डोकं बाबांच्या ताटात जायचं.

"इलंय, इलंय," म्हणत मी कोयतीचं टोक आत खुपसलं आणि त्याला बाहेर ओढला. जखम मोठी झाली होती. माझ्या कोपरापर्यंत रक्त आलं.

मी तेव्हा सतरा वर्षांची होते. आमची सावरेवाडी खाडीच्या अगदी तोंडाशी. पुरुष होड्या घेऊन समुद्रात जायचे आणि बायका ओहोटीला पुळणीवर तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला. पुळण म्हणजे खाडीच्या मधोमध असलेला वाळूचा उंचवटा, कडेला चार खडक. ओहोटीला, आमच्या बोलीत सुकतीला, तीनेक तास तो उघडा पडतो, मग खाडी त्याला परत गिळते. तिथे पुरुषांचं काही चालत नसे. कोणी कुठे बसायचं, नव्या सुनेला कुठली जागा द्यायची, कोणाची टोपली भरली नाही तर तिच्यात कोणी मूठ टाकायची, सगळं बायका ठरवत. आणि बायकांमध्ये शब्द भागीआतेचा. बाविसाव्या वर्षी नवरा जाऊन ती माहेरी परत आली होती. घरात ती माझ्या आईच्या हाताखाली भांडी घासायची, पण पुळणीवर माझी आईसुद्धा तिला विचारून बसायची.

पुळणीचे नियम थोडे होते, पण कडक. एकटीने उतरायचं नाही. भरतीचं पाणी घोट्याला लागलं की उठायचं. आणि मासा मिळाला तर तो लगेच काठावर नेऊन ठेवायचा, अंगावर बांधून पाण्यात फिरायचं नाही. का, ते कोणी सांगत नसे. मीही कधी विचारलं नव्हतं. आमच्याकडे नियम आणि मीठ, दोन्ही न विचारता घ्यायचं.

काठ त्या दिवशी दोनशे पावलं लांब होता, तेही चिखलातून. गोबरा ठेवून परत यायचं म्हणजे माझी टोपली अर्धीच राहणार आणि सगळ्या हसणार. आणि माझ्या उघड्या टोपलीत तो लगेच दिसला असता. आते वाकून शेवटच्या तिसऱ्या वेचत होती. तिच्या कमरेला जुन्या जाळ्याची झोळी मागे लोंबत होती. मी हळूच गेले, गोबरा तिच्या झोळीत सरकवला आणि वर मूठभर तिसऱ्या टाकल्या. तिने मागे वळून पाहिलंही नाही.

पुळण आणि काठ यांच्यामध्ये एक चर आहे. भरती सुरू झाली की त्याच्यात आधी पाणी चढतं. बाकीच्या चौघी पुढे निघाल्या, मग मी, आणि सगळ्यात शेवटी आते. ती नेहमीच शेवटी असायची, कोण मागे राहिली नाही ना हे बघायला. चरात पाणी कमरेला लागत होतं. मी रात्रीच्या कालवणात कोकमं किती घालायची याचा विचार करत होते.

मागे काहीतरी खळबळलं. मला वाटलं, आतेचा पाय घसरला. वळून बघते तर ती नव्हती. मग ती वर आली, तोंडातून पाणी थुंकत, आणि तिच्या पाठीशी एक तपकिरी पाठ वर आली, होडीच्या फळीएवढी रुंद.

मोरी. शहरातले लोक शार्क म्हणतात. लहान मोरी आम्ही बाजारात विकतो, तिचं मटण करतो, बाळंतिणीला खायला घालतो. माणसाएवढी मोरी खाडीत शिरते हे मी फक्त म्हाताऱ्यांकडून ऐकलं होतं आणि मुलांना घाबरवायला सांगतात असं समजले होते. आता आमच्या किनाऱ्यावर पर्यटक येतात, पाण्यात पायाचं बोट बुडवायच्या आधी विचारतात, "मावशी, इथे शार्क आहे का?" मी सांगते, आहे. तिचंच घर आहे, तुम्ही पाहुणे.

मोरीने आधी झोळी ओढली. झोळी कमरेला घट्ट बांधलेली, म्हणून आते तिच्याबरोबर ओढली गेली. मग झोळी फाटली आणि मोरीने पोटरी धरली. माझ्या हातात कोयती होती. मी ती वापरली का? नाही. मी जागच्या जागी उभी राहून बोंबलत होते. ही गोष्ट मी आजवर कोणालाही सजवून सांगितलेली नाही. जे केलं ते आतेने केलं. तिने पाण्यात वाकून अंगठ्याने मोरीचा डोळा शोधला आणि अंगठा मुठीपर्यंत आत दाबला. पाणी एकदा उसळलं आणि पाठ दिसेनाशी झाली.

"बोंबलतंस काय?" आते म्हणाली. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. "माझो पदर फाड. गुडघ्याच्या वर बांध. घट्ट. अजून घट्ट, गे भवाने!"

पुढे गेलेल्या चौघी तोवर परत आल्या होत्या. काठाला लागलेल्या बायका, लाल पाण्यात परत उतरल्या. सर्वांत पुढे येसूकाकी होती. तिला धड पोहताही येत नव्हतं.

तालुक्याच्या इस्पितळात आतेचा डावा पाय गुडघ्याखाली कापला. तेवीस दिवसांनी ती घरी आली तेव्हा वाडीत मोठी गडबड होती, कारण त्याच दिवशी आमच्या माणसांच्या जाळ्यात एक भली मोठी मोरी आली होती. ती तीच होती का, देव जाणे. तिला बंदरावर टांगलं, पोरांनी दगड मारले, आणि मग नेहमीसारखे तुकडे करून वाटून घेतले. बाबांनी आमचा वाटा आणला आणि आतेला दिसू नये म्हणून मागच्या दाराने आत नेला. पण तिचं नाक कापलेलं नव्हतं.

"वयनी, मोरी ना ती?" ती खाटेवरून म्हणाली. "शिजय. मसालो चांगलो लाव."

"भागी, तुका खावक होयी ती?" आई रडायलाच लागली.

"तिणा माझा खाल्ल्यान. मी तिचा खातंय. फिट्टंफाट."

तिने दोन वाट्या खाल्ल्या, वर रस्सा मागितला. मी माझी वाटी तशीच परत केली. सगळ्यांना वाटलं, पोरगी अजून घाबरलेली आहे. मी घाबरलेलीच होते, पण मोरीला नाही. झोळीत काय होतं ते फक्त मला ठाऊक होतं. झोळी वाहून गेली होती.

चारच दिवसांत दाजी तांडेल आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, येऊन बसले. दाजी म्हणजे वाडीचे मानकरी. खाडीच्या काठी उंडीच्या झाडाखाली राखणदाराचा पाषाण आहे. नारळी पौर्णिमेनंतर बायका पहिल्यांदा पुळणीवर उतरतात, त्या आधी दाजी त्या पाषाणासमोर गाऱ्हाणं घालायचे. देवाला उभ्याने, मोठ्या आवाजात सगळं सांगायचं, मागायचं, झालं-गेलं पोटात घाल म्हणायचं, आणि जमलेल्यांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून साथ द्यायची. गाऱ्हाणं घातल्याशिवाय एकही बाई पाण्यात पाय घालत नसे.

"भागी, राखणदार कोपलो," दाजी म्हणाले. "आता बायकांनी खाडीत उतरूचा नाय. आणि फुडल्या वर्साक मी गाऱ्हाणा घालूचंय नाय."

"तो सपनात येवन सांगान गेलो काय तुमका?"

"मस्करी नको. गावाच्या बऱ्याक सांगतंय."

"धोंडू पराडकराचो झिल दोन वर्सांमागे होडयेसकट गेलो," आते म्हणाली. "तेवा तुमका दर्या कोणी बंद केल्यान?"

धोंडूचा मुलगा बुडाला त्या वर्षी पुरुषांनी दर्याला वाहायचा नारळ सोनेरी कागदात गुंडाळला होता. एवढाच काय तो फरक पडला होता.

"बापयांचो तो धंदो," दाजी म्हणाले.

"आणि आमचो काय लगोऱ्यांचो खेळ?"

दाजी उठले. जाता जाता खळ्याच्या टोकाला थांबून म्हणाले, "राखणदार उगाच कोपणा नाय. कायतरी चूक झाली असतली. जेची तेना मनात जाणूची."

त्यांनी नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. महिनाभरात सगळी वाडी तेच बोलू लागली. नवरा नसलेली बाई पुळणीवर सगळ्यांच्या डोक्यावर बसायची, ते राखणदाराला कसं खपेल? ज्यांच्या टोपलीत आतेने वर्षानुवर्षं मूठ टाकली त्याही मान हलवायच्या. मी दाराआड उभी राहून हे सगळं ऐकलं आणि गप्प बसले. मला माझी लाज वाटते, अजूनही वाटते.

बायकांचं खाडीत उतरणं बंद झालं. चैत्र-वैशाखात पुळण उघडी पडायची आणि तिच्यावर फक्त बगळे चालायचे. आते खाटेवर बसून ते बघायची. घरात तिला कोणी काही म्हणत नव्हतं, पण कोणी काही विचारतही नव्हतं. सकाळी आईने दिलेले कांदे ती सोलायची, संध्याकाळी दिलेला लसूण. एवढी मोठी बाई अशी लहान होत गेलेली मी बघितली. रोज तिच्या पायाची पट्टी बदलताना शब्द माझ्या दातांपर्यंत यायचे, 'आते, झोळीत मासा होता.' ते मी परत गिळायचे. चूक माझी आहे असं कळल्यावर ती माझ्याकडे कशी बघेल, याची मला मोरीपेक्षा जास्त भीती होती.

मृगाच्या सुमारास तिने बाबांना सांगितलं, "दादा, तुझा ता जुना वल्ला माझ्या मापान काप."

बाबांनी वल्हं कापून दिलं. वर काखेसाठी आडवी लाकडी पट्टी ठोकली. त्या कुबडीवर ती आधी खळ्यात फिरली, मग वाडीत, आणि श्रावणात पाऊस उघडला तेव्हा खाडीच्या काठापर्यंत. जाताना प्रत्येक घरासमोर थांबून बोलायची. काय बोलायची ते पुरुषांना कळलं नाही. माझ्या आईनेही मला सांगितलं नाही.

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मोठी ओहोटी होती. सकाळी सकाळी उंडीच्या झाडाखाली वाडीतल्या झाडून साऱ्या बायका टोपल्या घेऊन उभ्या होत्या. दाजी आधीच येऊन पाषाणासमोर बसले होते, शेजारी दोघे जण. त्यांनी हात जोडले नाहीत की नारळ आणला नाही.

"घरी जावा," ते म्हणाले. "मी गाऱ्हाणा घालूचंय नाय म्हणान सांगितलंय."

बायका हलल्या नाहीत. पण पुढेही कोणी गेली नाही. गाऱ्हाण्याशिवाय उतरायची कोणाची छाती नव्हती, आणि ते दाजींना पक्कं ठाऊक होतं.

तेवढ्यात वल्ह्याचा आवाज आला. आते आली, हातात न सोललेला नारळ. बायकांनी वाट दिली. ती पाषाणासमोर उभी राहिली आणि नारळ माझ्या हातात देऊन पदर खोचला.

"तुमी नाय घालूचास तर मी घालतंय," ती म्हणाली.

दाजी ताडकन उठले. "बायमाणसान गाऱ्हाणा घालूचा नसता!"

"मोरीन माका बायमाणूस म्हणान सोडल्यान नाय, दाजी. राखणदार तरी कित्याक सोडीत? बघूया, ऐकता काय तो."

आणि तिने हात जोडून, पुळणीवर हाका मारायची त्याच आवाजात सुरुवात केली.

"बा देवा राखणदारा म्हाराजा!"

मला वाटलं, आता साथ कोणी देत नाही, संपलं. मग मागून एक घोगरा आवाज आला. येसूकाकी.

"व्हय म्हाराजा."

"आज वर्साचो नेम म्हणान तुझी लेकरा तुझ्या पायाकडे जमली हत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा." आता सात-आठ आवाज होते.

"तू खाडी राखतंस, आमी पुळण राखतंव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्या मोरयेक तिच्या वाटेन ने, आमका आमच्या वाटेन ने म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता सगळ्याच होत्या. उंडीवरचे कावळे उडाले.

"आणि तुझ्या ह्या लेकरांकडसून काय चुकला माकला असात..."

हे वाक्य दरवर्षी असतं. दाजी ते एका दमात म्हणून टाकायचे आणि पुढे जायचे. आते तिथे थांबली. तिने वाक्य पुरं केलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही, पाषाणाकडे बघत वल्ह्यावर रेलून उभी राहिली, आणि सगळ्या बायका तोंड अर्धवट उघडून वाट बघत राहिल्या.

मला कळलं की आता नाही तर मी मरेपर्यंत बोलणार नाही.

"म्हाराजा," मी म्हणाले. आवाज फाटला. परत म्हणाले, "म्हाराजा, चूक माझी. मासो मी पकडलंय. काठार न्हेवक कंटाळलंय आणि रगतासकट आतेच्या झोळीत टाकलंय. तिका न इचारता. मोरी त्या मासोळेक इली. आतेचा काय एक चुकूक नाय. सहा म्हयने लोक तिका बोलले आणि मी गप रवलंय."

मग मी रडायला लागले. कोणी जवळ आलं नाही. दाजी माझ्याकडे बघत होते, माझी आई तोंडावर पदर धरून उभी होती.

आते हळूहळू वळली.

"झोळी जड झाली ता माका कळूक नाय असा वाटला तुका?" ती म्हणाली. "तीस वर्सा कमरेक बांधतंय ती. कळला माका. म्हटलंय, पोरगीन कायतरी मारल्यान, कालवणाची सोय झाली. काढून काठार पाठवूचा सोडून मी पण गप रवलंय. तेवा अर्धी चूक तुझी, अर्धी माझी."

"मग तू बोललंस कित्याक नाय?" मी हुंदके देत विचारलं.

"तुझी चूक मी कशी सांगतलंय? ती तुझी तू सांगूची. वाट बघत होतंय." मग तिने डोळे बारीक केले. "पण एक सांग. इतके म्हयने इचारीन इचारीन म्हणतंय. खयचो मासो होतो?"

"गोबरो."

"केवढो?"

मी हाताने दाखवला.

आतेने माझ्या हाताकडे बघितलं, मग आपल्या अर्ध्या पायाकडे, मग परत माझ्या हाताकडे. "एवढ्या गोबऱ्यासाठी मी सुद्धा चावलंय असतंय," ती म्हणाली.

आधी येसूकाकी हसली. मग माझी आई, रडता रडता. मग सगळ्याच. राखणदाराच्या पाषाणासमोर बायका पोट धरून हसल्या, आणि आकाश काही कोसळलं नाही. आतेने हात वर केला तशा त्या गप्प झाल्या.

"काय चुकला माकला असात," तिने अर्धं राहिलेलं वाक्य उचललं, "ता दोघींचा आता उघड्यार सांगितला. पोटात घाल म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी नारळ पाषाणासमोर फोडला. पाणी माझ्या पायांवर उडालं.

"म्हणजे..." दाजींनी घसा खाकरला, "म्हणजे राखणदार..."

"राखणदार कोपाक नाय, दाजी," आते म्हणाली. "मोरीक भूक लागली, आणि आमी तिका ताट वाढलंव. परत वाढूचंव नाय. आता वाट सोडा, सुकती कोणासाठी थांबणा नाय."

दाजी बाजूला झाले. राग होता त्यांच्या चेहऱ्यावर, पण ते बाजूला झाले.

चरापाशी बायका थांबल्या. ओहोटीने पाणी मांडीपर्यंत उतरलं होतं, पावसाचं गढूळ, तळ दिसत नव्हता. आतेने वल्हं पुढे रोवलं आणि दुसरा हात माझ्या खांद्यावर टाकला. मी पाण्याच्या कडेला पाय रोवून उभी राहिले. तिला ते कळत असणार, तिचं सगळं वजन माझ्यावर होतं.

"भिया वाटता?" तिने विचारलं.

"व्हय."

"माका पण. पाय उचल."

आम्ही दोघी तीन पायांवर आणि एका वल्ह्यावर पाण्यात शिरलो. आमच्यामागून बाकीच्या आल्या. पुळणीवर आते आपल्या जागी जाऊन बसली. बसून तिसऱ्या काढायला पाय लागतातच कुठे? तिने नेहमीसारखी टोपली भरली, दोघींच्या टोपलीत मूठ टाकली, आणि घोट्याला पाणी लागायच्या आधी उठली.

"मी आता फुडे जातलंय," ती मला म्हणाली. "माका येळ लागतलो. शेवटाक तू रव. सगळ्यो पार झाल्यो काय बघ, मगे ये."

येसूकाकी तिला धरून पुढे गेली. मी पुळणीच्या कडेला उभी राहिले आणि एकेक बाई मोजून चरात सोडली. शेवटची काठाला लागली तेव्हा पुळणीवर मी एकटी होते आणि पाणी पिंढऱ्यांना लागलं होतं. तेव्हा मी निघाले.

याला आता बेचाळीस वर्षं झाली. आते गेल्यालाही अकरा. पुळणीवर अजून शेवटी मीच असते.